तालुका पानावरचा बिबट्या

शेळी मेली रात्री दोनच्या सुमारास. सकाळी सहाला वस्तीवरच्या कुणीतरी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. आठ वाजेपर्यंत तो शेजारच्या तालुक्यात फिरून आला, तोवर एका शेळीच्या तीन झाल्या होत्या आणि बिबट्याच्या मागे दोन बछडे लागले होते. दहाला गावातल्या यूट्यूब चॅनेलवाल्याने माईक पुढे करून शेळीच्या मालकाला विचारलं, ‘काय वाटतंय तुम्हाला?’ दुपारी वार्ताहराने दहा ओळी डेस्कला पाठवल्या. वनरक्षक पंचनाम्याला पोचला तो त्यानंतर. त्याच्या बीटमध्ये आठ-दहा गावं असतात आणि त्याच्याकडे मोटरसायकल एकच.

जुन्नर, शिरूर, आंबेगाव, संगमनेर, निफाड, कुठेही घ्या, हा क्रम फारसा बदलत नाही. ऊसपट्ट्यातल्या माणसाने बिबट्याच्या संरक्षणाला मान डोलवायची की पाठ फिरवायची, हे बऱ्याच अंशी या सात-आठ तासांत ठरतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे, सगळं खरं. पण गावाला कायदा कळतो तो बातमीतून, आणि बातमीत तो ‘वनविभाग हतबल’ एवढ्याच रूपात उतरतो.

याच पट्ट्यातली दुसरी गोष्ट बातमीत जवळजवळ येतच नाही. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या खोऱ्यात झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला ३००हून जास्त माणसं राहतात अशा भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे कॅमेऱ्यांत सापडले. ऊस, मका, वस्त्या, शाळा, कुत्री, आणि या सगळ्यांच्या मधून रात्री ये-जा करणारे बिबटे. माणसं आणि बिबटे एकमेकांना चुकवत जगत होते. काहीच घडलं नाही, याची बातमी होत नाही. त्यामुळे वाचकाच्या डोक्यात बिबट्या म्हणजे फक्त त्याचे वाईट दिवस.

संस्थांच्या बैठकांत यावर ठरलेला उपाय ऐकू येतो: माध्यमांनी सकारात्मक लिहावं. हे मला कधी पटलं नाही. ज्याची शेळी गेली त्याला ‘बिबट्या हा निसर्गसाखळीतला महत्त्वाचा घटक’ असं वाचायला लावणं म्हणजे त्याची चेष्टा आहे. त्याला तीन गोष्टी हव्या असतात. जनावर आत्ता कुठल्या बाजूला आहे, आज रात्री मी काय करायचं, आणि माझे पैसे कधी मिळणार. बातमीने ही तीन उत्तरं दिली तर ती गोड नसली तरी चालते. नाही दिली, तर कितीही संवेदनशील लिहा, गाव पिंजरा मागणार.

तालुका पानावर येते ती बातमी साधारण अशी असते:

‘बिबट्याचा धुमाकूळ, शेळी फस्त, परिसरात दहशत. (वार्ताहर) येथील मळ्यात बिबट्याने धुमाकूळ घातला असून सोमवारी मध्यरात्री गोठ्यात शिरून एका शेळीचा फडशा पाडला. परिसरात बिबट्याचा मुक्त संचार असून नागरिकांत भीतीचे वातावरण आहे. वनविभागाने तातडीने पिंजरा लावून बिबट्यास जेरबंद करावे, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्याचा इशारा ग्रामस्थांनी दिला आहे.’

यात खोटं काही नाही. शेळी मेली, लोक घाबरले, इशाराही दिला. पण घटनेची म्हणून माहिती एकाच वाक्यात आहे, बाकी सगळा साचा. शेळीच्या जागी वासरू आणि सोमवारच्या जागी गुरुवार घातला की पुढच्या आठवड्याची बातमी तयार. गोठा कसा होता हे तिच्यात नाही, आणि खरी बातमी तर तिथेच होती. तीच घटना अशीही लिहिता येते:

‘मळ्यातील गोठ्यात बिबट्याने शेळी मारली, पंचनामा पूर्ण. गोठ्याला तीन बाजूंनी कूड असून पुढची बाजू उघडी होती. ठसे ओढ्याच्या दिशेने गेले आहेत. ओढ्याकाठच्या वस्त्यांनी जनावरे बंद गोठ्यात बांधावीत, लहान मुलांना अंधारात एकटे सोडू नये, शेतात दोघांनी मिळून, बॅटरी घेऊन व आवाज करत जावे. जनावर मारले गेल्यास ४८ तासांत वनविभागाला कळवावे. पंचनामा होईपर्यंत मृत जनावर हलवू नये. हेल्पलाइन १९२६.’

दोन-तीन ओळी वाढल्या, जाहिरात कमी असेल त्या दिवशी सहज बसतात. हेल्पलाइनच्या आधीच्या दोन वाक्यांची किंमत तर थेट रुपयांत मोजता येते. वास येतो म्हणून किंवा कुत्री ओढतील म्हणून शेळी पुरून टाकली की भरपाईचा दावा लंगडा पडतो. मग तो माणूस पुढची दोन वर्षं पारावर बसून ‘वनखातं पैसे देत नाही’ असं सांगत राहतो, आणि ते ऐकणारी पन्नास माणसं संरक्षणाच्या विरोधात जातात. हे दोन नियम छापायचे राहून गेले, एवढंच त्यामागचं कारण असू शकतं.

एका रात्रीत आठ-दहा शेळ्या मेल्याची बातमी आली की मथळ्यात हमखास ‘रक्तपिपासू’ येतो. होतं असं, की अर्धवट बंद गोठ्यात बिबट्या वरून उतरतो, शेळ्यांना पळायला जागा नसते, त्या जागच्या जागी सैरावैरा धावतात आणि हलणाऱ्या प्रत्येक जनावरावर तो झडप घालतो. खातो त्यातली एखादी. भिंती पक्क्या पण वरून उघडा, किंवा वरून जाळी पण दाराखाली वीतभर फट, असा गोठा उघड्या रानापेक्षा धोक्याचा. जाळी चारही बाजूंनी आणि वरूनही हवी. ही माहिती शेतीच्या पुरवणीत यायला हवी, पण पुरवणी सांभाळणाऱ्याला बिबट्या हा गुन्हे पानाचा विषय वाटतो.

आता पिंजऱ्याकडे येऊ, कारण गाव आणि वनखातं यांच्यातली सगळी ओढाताण शेवटी त्याच्याभोवतीच चालते.

बातमी आली की सरपंच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला फोन करतो, आमदाराच्या कार्यालयातून वर फोन जातो आणि पिंजरा येतो. लोखंडी, चाकांवरचा, आत दोन कप्पे. मागच्या लहान कप्प्यात शेळी किंवा कोंबड्या, मध्ये जाळी, पुढच्या भागात जमिनीलगत दाबपट्टी. पाय पडला की वरून दार कोसळतं. या यंत्रणेला कुठला बिबट्या हवा होता ते कळत नाही. त्या वाटेने जो जाईल तो अडकतो. गुन्हेगार निघून गेलेला असतो आणि अडकते आयुष्यात माणसाच्या वाटेला न गेलेली एखादी मादी. दुसऱ्या दिवशी मथळा: ‘नरभक्षक बिबट्या अखेर जेरबंद, ग्रामस्थांनी सोडला सुटकेचा निःश्वास’. पकडलेला तोच होता, हे कुणी ठरवलं? अंगावरच्या ठिपक्यांची ठेवण प्रत्येक बिबट्याची वेगळी असते, दोन्ही कुशींचे फोटो कॅमेरा ट्रॅपमधल्या (जनावर समोरून गेलं की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतल्या) फोटोंशी जुळवून ओळख पटवता येते. जखमेवरच्या लाळेतून डीएनए मिळू शकतो. पण दोन्हींना दिवस लागतात आणि मथळ्याला संध्याकाळची वेळ गाठायची असते. आठवड्याभराने पुन्हा शेळी जाते, तेव्हा गाव म्हणतं, खात्याने पकडलेला पुन्हा इथेच आणून सोडला. हा संशय आधीच्या मथळ्यानेच पेरलेला असतो.

पकडून दूर नेऊन सोडण्याचा प्रयोग जुन्नर विभागात २००१ ते २००३ मध्ये मोठ्या प्रमाणावर झाला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०११ मध्ये मांडला. त्याआधीच्या वर्षांत, म्हणजे १९९३ ते २००१ दरम्यान, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेच्या काळात ते १७ झाले. कारणं समजायला अवघड नाहीत. पिंजऱ्यात गज चावून सुळे तुटतात, नाक सोलवटतं. अनोळखी मुलखात पाणी कुठे, सावज कुठे, दुसऱ्याची हद्द कुठे, काही ठाऊक नसतं. आणि बरेच बिबटे आपल्या जागेकडे परत चालू लागतात. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा, बहुधा तरुण बिबट्या येऊन बसतो. म्हणजे बातमीने दबाव, दबावाने पिंजरा, पिंजऱ्याने नवी भानगड आणि त्या भानगडीची पुन्हा बातमी. २०११ मध्ये केंद्राने मानव-बिबट संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचाही रोख हाच होता, की नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नका.

कायद्याचं कलम ११ इथे महत्त्वाचं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला आहे, अशी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाली, तरच तो कारणं लिहून देऊन पुढच्या कारवाईची परवानगी देतो. आणि मारायची परवानगी द्यायची तर आधी तो पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही, हेही ठरावं लागतं. म्हणजे ‘नरभक्षक’ ठरवणं ही कागदोपत्री प्रक्रिया आहे. उपसंपादकाने तो शब्द आधीच वापरून टाकला, की आदेश यायला लागलेले चार दिवस गावाला चालढकल वाटतात.

मुंबईत हे चक्र काही काळ तरी वेगळ्या वाटेने फिरलं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने २००२ ते २००४ या काळात हल्ल्यांची मालिकाच लागली होती. बाहेर पकडलेले बिबटे या उद्यानात आणून सोडले जात, हा त्यामागचा एक धागा अभ्यासकांनी दाखवला. २०११ मध्ये उद्यान प्रशासनाने अभ्यासक आणि स्वयंसेवकांना जोडीला घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. कॅमेरे लावणं, कचऱ्याचा आणि भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मांडणं, पोलिसांचं प्रशिक्षण, आणि या सगळ्याबरोबर पत्रकारांसाठी कार्यशाळा. बिबट्याला हिरो करा, असं तिथे कुणी सांगत नव्हतं. बिबट्या शहरात ‘शिरत’ नाही, तो तिथलाच आहे, दिसणं आणि हल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फोन कुणाला करायचा, एवढंच. उद्यान आणि परिसरात २०१५च्या मोजणीत ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ मध्ये ४७. संख्या वाढल्याची बातमी आली तेव्हा शहर हादरलं नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते. सगळं कायमचं मिटलं असं नाही. उद्यानालगतच्या आरे वसाहतीत २०२१ मध्ये पुन्हा हल्ले झाले. पण तेव्हा ‘सगळे बिबटे हलवा’ यापेक्षा ‘यातला नेमका कोणता’ हा प्रश्न बातम्यांत होता, आणि उत्तर शोधायला कॅमेरे लावले गेले.

मुंबईचं जसंच्या तसं ऊसपट्ट्यात आणता येत नाही, कारण वार्ताहर वेगळा आहे. शहरातल्या पत्रकाराला पगार असतो, पर्यावरण हा त्याचा विषय असतो. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं, कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, शिवाय किराणा दुकान किंवा शेती. बिबट्या, बाजारभाव, अपघात, सत्यनारायणाची पूजा, सगळं तोच लिहितो. त्याला कार्यशाळेला दिवसभर बसवून काही साधत नाही. त्याला हवी असते दुपारी बारापर्यंत हातात पडणारी माहिती. इथे चूक खात्याची आहे. वनरक्षकाला बोलायची मुभा नसते, वनपाल म्हणतो साहेबांना विचारा, साहेबांना वरून परवानगी हवी, आणि वरचे साहेब बैठकीत. मग बातमीत छापून येतं, ‘वनविभागाशी संपर्क होऊ शकला नाही.’ पंचनामा करतानाच ठशाचा बाजूला पट्टी ठेवून काढलेला एक फोटो, सहा ओळी मजकूर आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर एवढं परिक्षेत्र कार्यालयाने वार्ताहरांच्या ग्रुपवर टाकलं, तर निम्मा साचा आपोआप गळून पडतो. आलेला मजकूर वार्ताहर बदलत नाही, त्याला तेवढा वेळच नसतो. हे हसण्यासारखं आहे आणि वापरण्यासारखंही.

फोटोचं वेगळंच. जवळपास प्रत्येक बातमीला डेस्कवरचा तोच फाइल फोटो लागतो: जबडा वासलेला, कान मागे टाकलेला बिबट्या. तो पिंजऱ्यात काढलेला असतो, म्हणून तर तो गुरगुरत असतो. शेतात दिसणारा बिबट्या असा दिसत नाही, तो बहुतेक वेळा पाठमोरा असतो. त्यात आता एआयने बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. सोसायटीच्या फाटकात, बसस्टँडवर, कुठेही बसवलेला बिबट्या. पडताळणी अवघड नाही. मूळ फोटो कुणाच्या फोनमध्ये आहे ते विचारायचं, आणि जागेवर जाऊन ठसे पाहायचे. मूळ माणूस सापडला नाही तर छापायचं नाही.

थेट प्रक्षेपणाने होतं ते नुकसान मात्र शब्दांच्या पलीकडचं. बिबट्या विहिरीत पडला, असं समजा. शांतता असेल तर बाज किंवा शिडी दोरांनी खाली सोडतात, तो त्यावर चढून दम खातो. मग पिंजरा सोडतात किंवा अंधार पडल्यावर शिडीने त्याला स्वतःच वर येऊन निघून जाऊ देतात. पाण्यात असलेल्या जनावराला भूल देता येत नाही, ते बुडतं. यातलं काहीही पाचशे माणसांनी कठडा धरलेला असताना जमत नाही. घरात शिरलेल्या बिबट्याचंही तेच. इंजेक्शन लागल्यावर गुंगी चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात आरडाओरडा झाला तर तो भिंतीवरून उडी मारून वाटेत येईल त्याला पंजा मारत सुटतो. कॅमेऱ्याला दिसतो तो ‘हल्ला’. प्रत्यक्षात ती वाट शोधणारी पळापळ असते. ‘आम्ही घटनास्थळी पोचलो आहोत’ या वाक्याने आणखी दोनशे माणसं घटनास्थळी पोचतात. जमावबंदी आधी आणि बचाव पथक मागून, असा क्रम असायला हवा. घडतं नेमकं उलटं.

ऊसतोडीच्या हंगामात बछडे सापडतात तेव्हाही वेळच सगळं ठरवते. सरीत दोन-तीन बछडे दिसले की तोड थांबवून माणसांनी मागे व्हायचं, बछडे हाताळायचे नाहीत. वनखात्याची आणि डॉक्टरांची माणसं येऊन तपासतात, आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये बछडे ठेवून जवळ कॅमेरा लावतात. आई बहुधा त्याच रात्री येऊन एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. बछडे कडेवर घेतलेले फोटो गोंडस दिसतात, त्यांना लाइक मिळतात. पण ते पाहून दहा गावांतली माणसं बघायला येतात, रात्री टॉर्च फिरतात आणि आई फिरकत नाही. पिल्लं शोधत फिरणारी मादी त्या वस्तीला नंतर चार-पाच दिवस जड जाते. त्याची बातमी वेगळ्या मथळ्याखाली येते आणि दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही.

प्रेमाने लिहिणारी माध्यमंही गावाला दूर लोटतात. यवतमाळच्या पांढरकवडा भागातली वाघीण खात्याच्या कागदांत टी-१ होती, शहरातल्या माध्यमांत ती ‘अवनी’ झाली. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घातल्यावर त्या गावांत फटाके वाजले आणि शहरांत मेणबत्त्या लागल्या. तिला मारण्याच्या पद्धतीबद्दलचे प्रश्न रास्त होते. पण दोन वर्षं कापूस वेचायला टोळीनेच जाणाऱ्या, संध्याकाळी दारं लावून बसणाऱ्या गावांना टीव्हीवर स्वतःची गोष्ट कुठे दिसली? वाघिणीला नाव मिळालं, मेलेली माणसं आकड्यातच राहिली. त्या भागात उद्या कुणी व्याघ्रसंवर्धनाची सभा घ्यायला गेला, तर त्याला आधी या हिशेबाचं उत्तर द्यावं लागेल.

माळढोकचं उदाहरण तर बिचाऱ्या पक्ष्याचा काहीच दोष नसलेलं. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. त्यात शेती, गावं, रस्ते सगळं आलं. पक्षी त्यातल्या थोड्याशा माळावर. जमिनीचा व्यवहार, खाण, रस्ता, काहीही अडलं की बातमी एकच, ‘माळढोकमुळे रखडलं’. अडवत होती ती नकाशावरची रेघ. ती नंतर १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आवळली गेली, पण तोपर्यंत एका आख्ख्या पिढीने माळढोक हा शब्द सातबाऱ्याच्या कटकटीसाठी वापरला होता. कुठल्या गटात काय करता येतं आणि काय नाही, याचा साधा तक्ता एखाद्या जिल्हा दैनिकाने वर्षातून दोनदा छापला असता तरी बराच राग योग्य जागी गेला असता.

कोकण किनाऱ्यावरच्या वेळास गावात कासवांचं जमलं, कारण तिथे बातमीच्या मागोमाग पैसा गावातल्या घरांत आला. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव. मुक्काम गावात, जेवण गावात. तिथेही बातमीचा जाच होतोच. अंड्यांना ४५ ते ६० दिवस लागतात, पिल्लं कधी वर येतील ते तापमानावर. पुरवणीत मात्र ‘या शनिवार-रविवारी चला वेळासला’. पिल्लं आली नाहीत की पाहुण्यांची नाराजी ज्यांच्या ओसरीवर उतरते, त्यांचा दोष काहीच नसतो.

परत ऊसपट्ट्यात. माणूस मारला गेला तर वारसांना मिळणारी रक्कम राज्याने २० लाखांवरून २५ लाखांवर नेण्याची घोषणा केली, ती पहिल्या पानावर आली. शेळीच्या भरपाईचा अर्ज पासबुकावरच्या नावात आणि आधारवरच्या नावात फरक आहे म्हणून अडकून राहतो, ते कुठल्याच पानावर येत नाही. वार्ताहराने घटनेनंतर पंचेचाळीस दिवसांनी शेळीच्या मालकाला एक फोन करायचा, पैसे आले का एवढंच विचारायचं आणि जे उत्तर येईल ते छापायचं. परिक्षेत्र कार्यालयातल्या फायली हलवायला हा फोन निवेदनापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आणि रात्रीची वीज. शेतीपंपाला वीज रात्रीची असली की माणूस उसाला पाणी द्यायला एकटा, अंधारात, बारं धरायला वाकलेला. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला अंधारात माणसासारखा दिसत नाही. कितीतरी गावांच्या निवेदनांत आता पिंजऱ्याच्या जोडीला दिवसा थ्री-फेज विजेची मागणी असते. या यादीत माणसाचा जीव वाचवण्याची सगळ्यात खात्रीची मागणी तीच आहे. बातमी कापायची वेळ आली की डेस्कवर पहिली कात्रीही तिलाच लागते, कारण मथळ्यात बिबट्या असतो, विजेचं वेळापत्रक नसतं.